स्म्रेका तयार होईपर्यंत

खिडकीतल्या बरणीत आज सकाळी नऊ फळं तरंगत होती. काल संध्याकाळी नेजादनं मोजली तेव्हा सहा होती. त्यानं काचेवर बोट ठेवून पुन्हा मोजली. नऊच.

स्म्रेकाचं गणित व्लाशिचच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काटेरी झुडपाची ती निळी-काळी फळं लिंबाच्या फोडींबरोबर पाण्यात घालायची, वर फडकं बांधायचं आणि गप्प बसायचं. फळं आधी तरंगतात, मग आंबत आंबत एकेक तळाला जातात. शेवटचं फळ बुडालं की स्म्रेका प्यायला तयार. बुडालेलं फळ परत वर आल्याचं मात्र आजवर कुणी पाहिलेलं नाही.

"बरणी घातलीय, ती तयार झाली की येते तुझ्याबरोबर," असं आईनंच फोनवर सांगितलं होतं. अर्धवट बरणी टाकून घराला कुलूप लावायचं नाही, हा आईचा, देवलेताचा नियम. तिच्या सासूचाही तोच होता. म्हणून नेजाद परदेशातून, नोकरीच्या गावाहून, ग्राझहून गाडी घेऊन आला आणि आठ दिवस त्या बरणीकडे बघत बसला. मोजायचं मात्र त्याला कालच सुचलं. आज सुट्टी संपत होती. आईचे कपडे, तिची उशी, मनगटाचे एक्स-रे सगळं गाडीत भरून झालं होतं. राहिली होती ती आई आणि बरणी.

आईला आपल्याकडे न्यायचा त्याचा हट्ट उगाच नव्हता. जानेवारीत ती अंगणात बर्फावर घसरली, मनगट मोडलं आणि तासभर तशीच पडून राहिली. तेव्हापासून नेजादला धड झोप नव्हती.

शेजारची रझिया रोजच्यासारखी कॉफीला आली आणि आल्या आल्या तिनं बरणीत डोकावलं.

"काय रे, अजून नाही बुडाली? तुझ्या आईची फळं तिच्यासारखीच. हटायला तयार नाहीत."

"रझियामावशी, काल सहा होती. आज नऊ आहेत."

रझियानं घाईघाईनं साखरेचा खडा कॉफीत बुडवून दाताखाली धरला. तोंडात साखर असली की माणसाला बोलावं लागत नाही.

नेजाद आईकडे वळला. "आई?"

"माझे डोळे आता अधू झालेत बाबा. तू म्हणशील तेवढी."

"एप्रनच्या खिशात काय आहे?"

"रुमाल."

"आई, हात बाहेर काढ."

देवलेतानं मूठ बाहेर काढली आणि उघडली. तळहातावर सुकी फळं होती, दहा-बारा तरी असतील. रझिया खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"असं का केलंस?" नेजादचा आवाज चढला. "यायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं!"

"तुला कसं म्हणू?" देवलेता म्हणाली. "तुझ्याकडे सगळं आहे रे. गरम पाणी आहे, सून जीव लावते. पण तिथं मी दिवसभर करू काय? दार उघडलं की समोर दुसऱ्याचं बंद दार. मला इथंच राहायचंय. पण नाही म्हटलं तर तू तिकडे जागत बसणार. म्हणून म्हटलं, माझ्या वतीनं बरणीच नाही म्हणू दे."

"आणि परत पडलीस म्हणजे? कोण उचलणार?"

"मागच्या वेळी कुणी उचललं?" रझियाची साखर आता विरघळली होती. "तेव्हा उशीर झाला, चुकलं माझं. दहाला यायचे मी. आता उजाडताच येते, चूल पेटवायच्या आधी. आधी बरणी बघते, मग तुझ्या आईला. तुमच्या जिन्यात इतक्या सकाळी कोण येतं रे तिला बघायला?"

नेजादनं खिशातून गाडीची किल्ली काढली. तो आणि त्याची बायको सातलाच कामाला बाहेर पडत.

देवलेतानं त्याचा हात ओढला आणि सगळी फळं त्याच्या तळहातावर ओतली.

"घे. घरात होती नव्हती ती एवढीच. आता फसवायची नाही. बरणीतली बुडाली की मी येते. आजच निघायचं असेल तर आजच येते. नियम राहिला बाजूला."

तिनं एप्रन सोडून खुंटीला अडकवला. चष्मा घेतला, कोट चढवला. दुखऱ्या हातानं बटण लागेना, तर दुसऱ्या हातानं लावत राहिली.

नेजाद एका हातात गाडीची किल्ली आणि दुसऱ्या हातात फळं घेऊन उभा होता. आपली आई या वयात लबाडी करते याचं त्याला हसू येत होतं, आणि तिचं ते बटण त्याला बघवत नव्हतं. शेवटी त्यानं किल्ली खिडकीत ठेवली, बरणीचं फडकं सोडलं आणि हातातली सगळी फळं पाण्यात ओतली.

"अरे, अरे! एकदम सगळी नाही!" देवलेता अर्धवट बटणं लावलेल्या कोटातच धावली. "रोज तीनच टाकायची असतात."