मनाला विचारायचं
पाच वर्षांपूर्वी आमच्या आमदारांनी, म्हणजे दादांनी, शिरोळकडच्या बिरोबाच्या देवळात आम्हा कार्यकर्त्यांना बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली: मरेपर्यंत पक्ष सोडणार नाही. काल दादाच तो पक्ष सोडून ना डाव्या ना उजव्या अशा उदारमतवादी पक्षात गेले. आज त्याच देवळात त्यांनी बैठक बोलावली, तेव्हा म्हाताऱ्या आक्काताई उठल्या. "दादा, आमच्या शपथेचं काय?" दादा हसले. "नवा पक्ष असलं काय मानत न्हाय, आक्काताई. ज्यानं त्यानं मनाला विचारायचं, बास!" डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. चहा झाला. उठणार इतक्यात दादांनी पुजाऱ्याला खूण केली. बेलभंडाऱ्याचं ताट पुढं आलं. "तेवढं उचला की. परत कोण फुटायला नको." सगळ्यांचे हात पुढं झाले, माझाही. आक्काताईंनी हात पदराखाली घेतला. "थांबा दादा, मनाला विचारते."