धक्कासम्राट

पित्याची भर सभेत थट्टा होत असताना कन्येने शांत बसावे, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. म्हणून तिसऱ्या रांगेतली ती ताडकन उठली, तेव्हा दोष तिचा नव्हता.

जुन्या मोटारींच्या हौशी मंडळाचा वार्षिक पुरस्कार-समारंभ ऐन भरात आला होता. उत्तम रंगकामाचा पुरस्कार देऊन झाला, उत्तम इंजिनाचाही झाला. आता पाळी होती मंडळाच्या लाडक्या पुरस्काराची. वर्षभरात ज्याची मोटार सर्वांत अधिक वेळा ढकलावी लागली, तो 'धक्कासम्राट'.

"सलग तिसऱ्या वर्षी," अध्यक्ष ध्वनिक्षेपकात गरजले, "आपले नकाशेकाका!"

सभागृह हास्याने दणाणले. नकाशेकाका म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर त्यांनी भूमापनाचे काम केले. कोणतीही वाट त्यांना विचारावी, म्हणून मंडळाने हे नाव ठेवलेले. ते व्यासपीठाकडे निघाले, तोच मागून कुणीतरी ओरडले, "काका, गाडी विका, बैल घ्या!"

"बैलाला चारा घालावा लागतो रे," काका म्हणाले, "तुम्ही फुकट राबता!"

पुन्हा हशा. त्यात वडीलही हसत होते, आणि नेमके तेच तिला साहवले नाही.

कारण ती मोटार तिच्या परिचयाची होती. वडील रोज सकाळी ती पुसत, सुरू करत, तिचा आवाज कान देऊन ऐकत आणि बंद करत. घरच्या गॅरेजात ती कधी अडली नव्हती. बाहेर निघे ती केवळ मंडळाच्या फेरीच्या दिवशी. अध्यक्ष स्वतः न्यायला येत, चहा घेत, वडिलांच्या शेजारी बसत. आणि गल्लीचे वळण आले की मोटार बंद पडे. मग चौघे सभासद भर बाजारातून ती ढकलत मंडळाच्या आवारापर्यंत नेत, आणि वडील स्टिअरिंग धरून ताठ बसलेले असत.

अध्यक्ष व्यासपीठाच्या पडद्यामागे आले, तशी ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ते व्यवसायाने दंतवैद्य होते.

"दिवसभर लोकांचे दात काढून भागत नाही वाटतं, डॉक्टरकाका? संध्याकाळी माझ्या बाबांवर दात काढायचे?"

"अगं, हळू बोल."

"का म्हणून? घरी ती गाडी एकदाही बंद पडत नाही. तुमच्याबरोबर निघाली की हमखास पडते! तुम्हीच काहीतरी करता तिला. तुम्हाला हसायला माणूस हवाय!"

हे ती संतापाच्या भरात बोलली. तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता.

"हो, मीच करतो," दंतवैद्य म्हणाले. "तू चहा करायला आत गेलीस की पेट्रोलचा नळ बंद करतो. आत उरलेल्या पेट्रोलवर ती वळणापर्यंत जाते. तेवढा वेळ माझा हात हँडब्रेकवर असतो."

तिचा हात उगारला गेला.

"मार. पण आधी ऐक. तीन वर्षांपूर्वी फेरीत मी शेजारी होतो. चौकात गाडी थांबवून त्यांनी मला विचारलं, 'हा रस्ता कुठला रे?' तुमच्या घराचा रस्ता होता तो! पुढे ब्रेक समजून भलतंच पेडल दाबलं. समोर मुलं होती. मी स्टिअरिंग ओढलं म्हणून भिंतीवर भागलं. तुला सांगायला आलो, तर 'माझे बाबा ठणठणीत आहेत' म्हणून तू मलाच फैलावर घेतलंस."

तिला तो दिवस आठवला. राग ओसरला नाही. फक्त त्याला आता जायला जागा उरली नाही.

"मग किल्ली का नाही काढून घेतलीत?"

"किल्ली घेतली, तर दोष त्यांचा होतो. बंद पडली, तर गाडीचा," दंतवैद्य तुटकपणे म्हणाले. "हसतात ते गाडीला हसतात."

काकांची पावले ऐकू आली. डोळे पुसायला ती घाईने बाजूच्या पडद्याच्या आडोशाला सरकली. काका मानचिन्ह काखेत मारून दंतवैद्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"आज पोरगी आलीय. तू नळ बंद करतोस, ते तिला कळू देऊ नकोस हं. बाबा ठणठणीत आहेत म्हणून बिचारी साऱ्या जगाशी भांडत असते."

नळाची गोष्ट काकांना कोणीही सांगितलेली नव्हती.

ती पडद्याआडून बाहेर आली. आवाजात मघाचाच संताप होता.

"बाबा, भंगारात घाला तो खटारा! दर वेळी मेला वळणावर बंद पडतो!"

"गाडीला नावं ठेवायची नाहीत!" काका कडाडले.

एकच गोष्ट एकमेकांपासून जपणाऱ्या त्या तिघांचे कल्याण असो.