सुईचं नेढं

"हल्ली विलायतेतून सुयाच वाईट येतात. लेकाचे नेढंच पाडत नाहीत," रखमाजी शिंपी पुटपुटला. शेजारी बसलेल्या सगुणाने नवऱ्याच्या हातची सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली. दोन वर्षं ती हेच करत होती. शिंप्याचे डोळे गेले असं कुणी म्हणालं की दुकानाला कुलूपच. म्हणून छावणीच्या बाजारात सगळेच गप्प होते. रोज रखमाजीच्या डोळ्यांत 'नेत्रामृता'चे थेंब मात्र पडत. सातवी बाटली चालू होती.

मग मुंबईचे डोळ्यांचे डॉक्टर आले. त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. रखमाजीला अक्षरओळखच नव्हती. सगुणाने पदराला टोचलेली सुई काढून पुढे केली. "हिच्यावर तपासा, साहेब."

पाचव्या भिंगाला रखमाजी सुईवर वाकला. नेढ्यातून पलीकडचा उजेड दिसत होता! दोरा एका फटक्यात आत गेला. त्याने तो काढला, पुन्हा ओवला आणि तान्ह्या लेकराचं तोंड पाहावं तसा सुईकडे बघत राहिला.

नवा चष्मा लावून तो बाजारात आला. थेंब विकणारे दाजीशेट कौतुकाने पुढे झाले. त्यांच्या कोटाची काजं वेडीवाकडी होती. शेजारी उभ्या पोस्टमास्तरांचीही तशीच.

"कुठल्या आंधळ्यानं शिवले हो हे?" रखमाजीने विचारलं.

दाजीशेटांनी घाईने उपरणं कोटावर ओढलं. सगुणाने नवऱ्याचा हात धरला.

"तुम्हीच," ती म्हणाली. "दोन वर्षं तुम्हाला दिसत नव्हतं."