सुरीची जागा

"मनात काही वेडंवाकडं आलं तर गप्प बसू नकोस हं. येतं बऱ्याच जणींच्या," बाळंतपणानंतर दवाखान्यातून निघताना नर्सबाई तिला म्हणाल्या होत्या. बोलता बोलता त्यांचे हात बाळाला दुपट्यात गुंडाळून दाखवत होते. डावं टोक पाठीखाली, खालचं टोक वर, उजवं फिरवून आत खोचायचं. गाठ मारायची नाही.

"माझ्या मनात सध्या फक्त झोप येते, सिस्टर," असं म्हणून ती हसली होती.

गुंडाळणं मात्र तिने नीट शिकून घेतलं. घरात ते तिच्याशिवाय कुणालाच जमत नव्हतं. नवऱ्याने गुंडाळलं की बाळाचा एक पाय हमखास बाहेर.

आज सकाळी मोठी नणंद आली होती. तिचं शिवणाचं दुकान. हात रिकामे ठेवून बसणं तिला ठाऊकच नाही. बाळाच्या झबल्याची बाही लांब दिसली, तशी ती म्हणाली, "कात्री दे गं जरा."

कात्री खणात नव्हती.

"बरं, ब्लेड? नेलकटर तरी?"

तेही नव्हतं.

"तुमच्याकडे चोर येऊन गेला की न्हावी?"

"तुमच्या भावाची कृपा, ताई. वस्तू जागेवर ठेवतील तर शपथ."

नणंद हसत स्वयंपाकघरात गेली. सफरचंद कापायला सुरी शोधू लागली. फळीवर नाही, भांड्यांत नाही. ओट्यावर मटाराच्या सालींचा ढीग पडला होता.

"अगं, भाजी कशाने चिरतेस मग?"

"आज मटार आहेत ना. काल शेंगा केल्या, त्या हाताने मोडल्या. त्याआधी पालेभाजी होती, ती खुडली. ताजी मिळतेय सध्या."

बोलता बोलता तिची जीभ अडखळली. किती तरी दिवसांत या घरात कांदा चिरला गेला नव्हता. कांद्याने बाळाच्या डोळ्यांना त्रास होतो. टोमॅटो कच्चेच येतात. पाव कापलेलाच बरा पडतो. दर वेळी कारण आपसूक हाताशी आलं होतं, आणि एकूण एक कारण पटण्यासारखं.

नणंदेचं लक्ष वर माळ्याकडे गेलं. सगळ्या भांड्यांवर धूळ होती, एका मोठ्या पातेल्याचं झाकण तेवढं पुसल्यासारखं दिसत होतं. तिने स्टूल ओढलं, पातेलं खाली घेतलं, झाकण काढलं. आत बाळाचं दुपटं होतं. दुपट्यात काहीतरी गुंडाळलेलं.

नणंदेने ते ओट्यावर ठेवून हाताने चाचपलं. दोन सुऱ्या, कात्री, सोलाणं, नेलकटर, ब्लेडचं पाकीट.

"हे काय गं?"

"मी नाही ठेवलं," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. "यांनीच..."

मग तिचं लक्ष दुपट्याकडे गेलं. डावं टोक खाली. खालचं टोक वर. उजवं फिरवून आत खोचलेलं. गाठ नव्हती. एकही पातं बाहेर आलेलं नव्हतं.

तिने ओट्याची कड धरली.

काही दिवसांपूर्वी ती गाजर चिरत होती. शेजारी पाळण्यात बाळ कुरकुरलं, ती वळली, सुरी हातात तशीच. क्षणभर डोळ्यांपुढे ती सुरी आणि बाळ असं एक चित्र उभं राहिलं आणि गेलं. एवढंच. तिने सुरी धुतली, गाजर शिजवलं आणि विसरून गेली. निदान तिला तसं वाटलं होतं. तिच्या आतलं कुणीतरी विसरलं नव्हतं. ते मुकाट्याने स्टूलवर चढलं होतं, आणि उतरून मटार सोलायला बसलं होतं.

आतल्या खोलीत बाळ रडू लागलं. ती जागची हलली नाही.

"ताई, तुम्ही घ्या त्याला. तुमच्या घरी घेऊन जा."

"का?"

मग तिने सांगितलं. भिंतीकडे बघत, एका दमात, त्या चित्रासकट.

नणंदेने दुपटं होतं तसंच बाजूला सरकवलं.

"रोज दिवसभर हातात कात्री असते माझ्या," ती म्हणाली, "आणि माप घेताना समोर गिऱ्हाइकाचा गळा. मनात काय काय येऊन जातं ते सांगितलं, तर दुकान बंद पडेल माझं."

तिने भिंतीवरची नजर काढून नणंदेकडे बघितलं.

"मला भीती वाटते, ताई. माझीच."

"वाटणारच. म्हणून तर एवढा खटाटोप केलास. पण हे ओझं एकटीने नाही उचलायचं. चप्पल घाल, आत्ताच जाऊ दवाखान्यात."

"आणि बाळ?"

"तूच गुंडाळ. मला नाही जमत ते."

दारातून बाळाच्या मुठी हवेत हलताना दिसत होत्या. ती गेली. डावं टोक पाठीखाली घेताना दोनदा निसटलं. नणंद तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि मध्ये हात घातला नाही.

दवाखान्यात नर्सबाईंनी आधी तिला खुर्ची दिली. मग बाळाकडे बघितलं.

आता तिच्या ओळखीतलं कुणी नवं बाळ बघायला निघालं, की ती त्यांना दारातच थांबवते. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. बाळ बघून झालं की लगेच निघू नका. फळ कापते म्हणा, कापतो म्हणा आणि सुरी मागा. सापडत नाहीये असं बाळाची आई म्हणाली, तर शोधत बसू नका. तिच्याजवळ जाऊन बसा.