गगनवीराची जागा

पडद्यावरचा गगनवीर पळून गेला. धरणाच्या भिंतीला तडा गेला, पाण्याची चिळकांडी उडाली, त्याने खालच्या लोकांकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हात पुढे करून तो सरळ आकाशात निघून गेला. मागे तेच ते डोंगर पुन्हा पुन्हा सरकत राहिले. सभागृहातली मुलं एकदम हसायला लागली.

मुख्याध्यापक परब सर खुर्चीतून अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले.

कारण गोष्ट अशी नव्हतीच. गेली कित्येक वर्षं प्रार्थनेनंतर ते ती सांगत आले होते. धरण फुटायला आलं, तेव्हा गगनवीर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. वर ऊन तापत होतं, हात भरून आले, घसा सुकला, गावात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. तरी तो हलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "खरा वीर आपली जागा सोडत नाही." हे वाक्य सरांनी शाळेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने रंगवून घेतलं होतं. लहानपणी टीव्हीवर आपण हा भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, हेही ते न चुकता सांगत.

वाक्य फार कामाचं निघालं. शिपाई गुरुप्रसादने गणपतीला रजा वाढवून मागितली की सर त्याला गगनवीर सांगत. सातवीचा वर्ग गळक्या खोलीतून हलवा म्हणून पालक आले, त्यांनाही गगनवीरच ऐकावा लागला. नम्रता सावंत बाईंची आई फोंडाघाटला अंथरुणाला खिळली होती. तिथल्या शाळेत जागा रिकामी होती, संस्था तयार होती, फक्त मुख्याध्यापकांनी सोडायला हवं होतं. सरांनी बाईंना समोर बसवलं, चहा दिला आणि धरणाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. बाईंनी चहा घेतला आणि त्या वर्गावर गेल्या.

अशात सिद्धेश नावाच्या माजी विद्यार्थ्याला मुंबईत त्या जुन्या कार्टून मालिकेच्या डीव्हीडी मिळाल्या. त्याने त्या मोठ्या प्रेमाने सरांना धाडल्या. सरांनी घरी लावून पाहिल्या नाहीत. पाठ असलेलं काय पाहायचं? त्यांनी सरळ शेवटचा भाग सगळ्या शाळेला दाखवायचं ठरवलं आणि नम्रता बाईंना पहिल्या रांगेत बसवलं.

आता बाई पडद्याकडे बघत नव्हत्या, सरांकडे बघत होत्या. हसत मात्र नव्हत्या.

सरांनी माइक घेतला. ही तबकडी बनावट आहे, परदेशी कंपन्या आपल्या संस्कारांशी असे खेळ करतात, असं काहीबाही सांगून त्यांनी घाईने राष्ट्रगीत घ्यायला लावलं. मग स्कूटर काढली आणि ते तारकर्लीला थोरल्या बहिणीकडे, सुगंधाकडे निघाले. त्यांना साक्षीदार हवा होता. ती मालिका दोघांनी एकाच घरात, एकाच टीव्हीवर पाहिली होती.

सुगंधा पर्यटकांना खोल्या देते आणि त्यांचं जेवणही तीच करते. ती मागच्या पडवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती. सरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि विचारलं, तो भिंतीला पाठ लावून उभा होता हे तिला आठवतंय ना. सुगंधाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"तू बघलंस खंय रे? तू कौलांवर अँटेना धरून होतंस. ऊन लागता, उतरतंय म्हणालंस. तू उतरलंस तर सगळ्यांचा चित्र जातला. म्हणान मीच तुका सांगलंय, गगनवीर जागा सोडणा नाय म्हणान."

सर पायरीवर बसले. त्यांनी तो भाग पुन्हा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. तळपायाखाली तापलेली कौलं आठवली. हातातला बांबू आठवला. खाली घरात बसलेल्या वाडीतल्या माणसांचा गलका आठवला, आणि त्या गलक्यातून वर येणारा सुगंधाचा आवाज. चित्र कुठेच नव्हतं.

त्यांनी फोन काढला. नम्रता बाईंना म्हणाले, सोमवारपासून तुम्ही मोकळ्या आहात, तसं संस्थेला आजच कळवतो. सवयीने सरांना दोन शब्द उपदेशाचे जोडावेसे वाटले. त्यांनी शोधले, पण सापडले नाहीत. तेवढ्यात बाई हळूच "बरं सर" म्हणाल्या आणि सरांनी फोन ठेवला.

मग त्यांना राग आला. शाळेत कधी मालवणी न बोलणारे सर मालवणीत बोलू लागले.

"म्हणजे तुमी सगळ्यांनी तेवाच बघलास, तो पळालो तां. आणि येवड्या वर्षांत माका कोणी सांगूक नाय?"

सुगंधाने पुढचं सुंगट उचललं.

"बाकीच्यांनी बघल्यानी. मी खंय बघलंय? माझो आवाज तुका वर ऐकाक येवचो म्हणान मी खिडकीत उभी, टीव्हीकडे पाठ करून. दर रविवारी. तो पळालो तां माका आज तुझ्याकडसूनच कळला."