पावणेचारची ओळ

वजीर बाहेर काढायचा की नेहमीसारखं प्यादं एक घर सरकवायचं, हे तिला पावणेचारच्या आत ठरवायचं होतं. साडेतीन होऊन गेले होते.

उघड्या खणात लाकडी पट होता, तळहाताएवढा. हरवलेल्या काळ्या प्याद्याच्या जागी कोटाचं बटण. वर टेबलावर, दूरच्या गावातल्या तशाच यंत्राला तारेनं जोडलेला टेलिप्रिंटर गुरगुरत होता. तारघराच्या त्या हॉलमध्ये एके काळी अशी चौदा यंत्रं होती. आता तीन उरली होती. बाकीच्यांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन. आज धरून सहा दिवसांत हेही बंद होणार होतं. तसं पत्र फलकावर लागलं होतं.

आता सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळी रोज पावणेचारला लाइन तपासावी लागे. तिकडून एक ओळ यायची, इकडून एक जायची. अक्षरं नीट उमटली की लाइन ठीक. ओळीत काय लिहायचं, हे नियमात कुठेच नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी तिकडच्या ऑपरेटरनं त्या ओळीत बुद्धिबळाची चाल पाठवली. हिनं उत्तर दिलं. तेव्हापासून दिवसाला एक चाल, दोन-तीन महिन्यांत एक डाव. चालीपुढे तो फक्त ‘ताई’ एवढा शब्द जोडायचा.

लाइनवर नावं सांगायला बंदी होती. म्हणून पहिल्याच वर्षी त्यानं पैज लावली होती, जो हरेल त्यानं नाव सांगायचं, मग नियम काही म्हणो. एकोणीस वर्षांत कुणीच हरलं नाही. पांढरी मोहरी कायम त्याची आणि मांडणीही कायम तीच. समोरून काहीही येवो, तो आपली भिंत रचत जायचा. मधलं प्यादं, उंट, मग आणखी दोन प्यादी, मग घोडा. हीसुद्धा तशीच भिंत रचायची. दोन भिंती समोरासमोर, आणि शेवटी बरोबरी. खरं तर तिला बरोबरी आवडायची. बरोबरी झाली की नवा डाव लागायचा. मागचा डाव तर त्यानंच अर्ध्यातून बरोबरीत सोडवून घेतला होता.

या डावात मात्र चालीपुढे ‘ताई’ नव्हतं. बंद व्हायची घाई असेल, ती मनाशी म्हणाली. हातात सहा दिवस होते. भिंत रचत बसलं तर नाव कायमचं राहून जाणार होतं.

दुसरा बचाव तिला पुस्तकातून पाठ होता. उंट बाहेर पडला की त्याच्यामागचं प्यादं उघडं पडतं. त्यावर वजीर रोखायचा. मग समोरच्याला भिंत सोडून तुमच्याकडे बघावंच लागतं. पण पाऊल चुकलं तर वजीरच अडकतो. म्हणून इतक्या वर्षांत तिनं तो कधी खेळला नव्हता.

“ताई, नुसतं बघून मोहरा हलत नाही,” मेकॅनिक म्हणाला. शेजारच्या यंत्राचे स्क्रू काढून तो डबीत टाकत होता. “आणि तोंड कशाला पाडता? भंगारात यंत्र जाणार आहे, तुम्ही नाही.”

“मला कोण घेतंय भंगारात! वजन तरी भरायला हवं ना.”

तिनं वजीर काढला. टाइप करताना बोट दोनदा चुकलं.

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. बाजूचं प्यादं, एक घर. भिंतीतलीच पुढची वीट. रोखलेलं प्यादं त्यानं तसंच सोडलं होतं. तिनं ते मारलं.

तिसऱ्या दिवशी त्याचा घोडा निघाला, नेहमीच्याच घरात. कोपऱ्यातला हत्ती फुकट मिळत होता.

“मारा की!” मेकॅनिक पटावर वाकला. “हत्ती आहे, झुरळ नाही. एवढा काय विचार?”

“हा माणूस हत्ती असा देत नाही हो. काहीतरी मनात असणार त्याच्या.”

तिनं चार-चारदा तपासलं. सापळा कुठेच नव्हता. तिनं हत्ती मारला. घरी जाताना बसथांब्यावर ती एकटीच हसली. आता तो हरणार होता. एकोणीस वर्षांनी कागदावर एक नाव उमटणार होतं.

चौथ्या दिवशी पावणेचारला ओळ आली. दुसरा उंट, तीन घरं. जणू हत्ती अजून कोपऱ्यातच उभा होता.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शिरस्ता मोडून तिनं चालीऐवजी वाक्य टाइप केलं. “तुमचा हत्ती गेलाय. पट बघत नाही का तुम्ही?”

मग अक्षरं पडू लागली.

“कोणता हत्ती? मी इथे बदलीवर आलोय. इथले आधीचे साहेब वारले, आठवडा होत आला. आजारीच होते. त्यांची चिठ्ठी यंत्राला चिकटवलेली आहे. पावणेचारला रोज यातली एक ओळ पाठवायची. मला वाटलं, लाइनचीच काही खूण असेल. माझं काही चुकलं का?”

मेकॅनिकनं हातातला स्क्रू डबीत न टाकता तसाच धरून ठेवला.

“चिठ्ठीवर नाव आहे?” तिनं विचारलं.

“नाव नाही. लाइन बंद होईपर्यंतच्या आठ ओळी आहेत. मागे माझ्यासाठी दोन शब्द लिहिलेत, आत्ताच दिसले. पाठवू?”

“पाठवा.”

“समोरून काहीही आलं तरी याच ओळी पाठवा. ताई नेहमी सावध खेळतात, मी नसल्याचं त्यांना कळणार नाही.”