मुलामा

“बाबा, डबी द्या ना!” लेकीने हात पुढे केला.

सोनारबुवांनी उजव्या खिशातली डबी दिली. डाव्या खिशातल्या तश्शाच डबीला हात लावला नाही.

लेक प्रयोगशाळेत सोन्यावर रेणूंचा थर बसवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो निरखायची. प्रबंधातला शेवटचा नमुना राहिला होता. हे कळताच शाळेत शिकवणाऱ्या आईने बोटातली अंगठी काढून डबीत घातली होती. “माझी घे. तुझ्या बाबांच्या हातची आहे, चोख!”

“उजळून देतो,” म्हणत सोनारबुवांनी ती डबी लगेच आपल्याकडे घेतली होती. तीस वर्षांपूर्वी, लग्नात, त्यांनी ती पितळेची केली होती आणि वर सोन्याचा मुलामा दिला होता. बायकोला कळलं तर काय तोंड दाखवणार? त्यानंतर त्या अंगठीला हात लावायची त्यांची छातीच झाली नाही. एकदा माहेरी गेली असताना बायकोने ती तिथल्या सोनाराकडून माप वाढवून आणली, तेव्हा महिनाभर त्यांना झोप नव्हती. पण तो भला माणूस काही बोलला नसावा. आणि मुलामा तरी काय पक्का! इतक्या वर्षांत विटला नाही. हात कुणाचा!

आता मात्र गाठ सूक्ष्मदर्शकाशी होती. नक्षी तोंडपाठ होती. आठवडाभर खपून त्यांनी चोख सोन्याची दुसरी अंगठी घडवली आणि न उघडताच डबी बदलली.

लेकीने अंगठीचा तुकडा वितळवून गोळी केली, द्रावणात बुडवून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दोघांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर ठिपक्यांच्या रांगाच रांगा होत्या.

“एकेक ठिपका म्हणजे एकेक रेणू. कुणी बसवले नाहीत हं, आपले आपणच रांगेत बसलेत.”

“माझ्या वर्गातली पोरं नाही बसत अशी,” आई म्हणाली.

“सोन्यात भेसळ असती तर हेही बसले नसते. सुंदर नमुना मिळाला, आई!”

“माझी अंगठी खोटी कशी निघेल?” आई नवऱ्याकडे बघून हसली. “काय हो?”

“छे, छे!” सोनारबुवा म्हणाले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुकानात येताच त्यांनी डाव्या खिशातली डबी उघडली. पितळ वितळवून विषय कायमचा मिटवायचा होता. अंगठी हाताला जरा जड लागली. वितळवण्याआधी आपला मुलामा किती उरलाय ते बघावं, म्हणून त्यांनी कानशीने ती खोलवर घासली, कसोटीच्या दगडावर ओढली आणि रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. पितळेची रेघ क्षणात विरते.

सोनारबुवा वाट बघत राहिले. रेघ पिवळीधमक, होती तशीच राहिली.